घोडं अडलंय

आज नववा दिवस.
स्पिरिटचा दिवा निळा जळतोय,
परीक्षानळीचं बूड लालसर झालंय
आणि चाक
ढिम्म.

बोटानं ढकलते.
दीड फेरा, मग थोडं मागे येतं,
घरात काही विसरल्यासारखं,
आणि थांबतं.

कायानीत चाळीस वर्षं मी शिलाई मशिनं दुरुस्त केली.
बायका यायच्या, इर्या, हे टाके गाळतंय बघ,
मी झाकण न उघडता सांगायचे:
सुई उलटी बसवलीयेस.
कानानंच कळायचं मला.
हे तर तोंडच उघडत नाही.
याची नाडी धरायची तरी कुठे?

खालच्या मजल्यावरचा वेइक्को म्हणाला, तेल घाल.
त्याच्या मते जगात सगळ्यालाच तेल लागतं,
संसारालासुद्धा.
(त्याचे दोन मोडले.)
घातलं. माझंच, मशिनचं, पातळ.
तर काचेच्या सिरिंजमध्ये दट्ट्या असा बसला
जसा गार झालेल्या लापशीत चमचा.
मग सगळं स्पिरिटनं धुतलं, पुसलं, वाळवलं,
पेन्सिलीचं शिसं किसून
काळी भुकटी चोळली नखाएवढी.
सिरिंज उभी धरली, तोंडाशी अंगठा,
दट्ट्या सोडला.
सावकाश उतरला तो, अगदी सावकाश,
सौनाच्या वरच्या बाकावरून म्हातारबुवा उतरावेत तसा.
अंगठा काढला तर धपकन खाली.
म्हणजे इथे खोट नाही.

सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघितलं.
तिसऱ्या सांध्यावर एक बुडबुडा
मोहरीएवढा
फुगला, फुटला, पुन्हा फुगला.
सापडलास, चोरा!
रबरी नळी बदलली, तार आवळली.
नळीतला पोलादी लोकरीचा बोळा
काचेला घासत होता एका बाजूनं,
त्याचे दोन केस कापले कात्रीनं.
चाकाला उलट्या बाजूनं खिळा चिकटवला, तोल साधला.
सायकलच्या आऱ्याची केलेली दांडी
पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकवली.
ढिम्म.

आच वाढवली.
वात वर, आणखी वर.
नऊ दिवस मी एवढंच तर केलं,
दर नापासाला थोडी जास्त आच.
माझ्या शाळेतही हीच पद्धत होती.

मघाशी हात टेकले, खरोखरच टेकले, टेबलावर,
आणि करंगळी लागली नळीच्या त्या टोकाला
जे गार असायला हवं.
चटका बसला.

करंगळी तोंडात धरून बसून राहिले किती वेळ.
तापलेलं आणि गार, त्यांच्यातल्या अंतरावर हे चालतं.
पहिल्याच पानावर होतं. वाचलंही होतं.
आणि मी बंद खोलीत, स्वेटर घालून,
दोन्ही टोकं सारखी करत बसले होते.

खिडकी उघडली. बाहेर उणे एकोणीस.
सज्जाच्या कठड्यावर कालचा बर्फ.
हाताशी दुसरं काही नव्हतं,
वेइक्कोचा मोजा होता, रफूला आलेला.
त्यात भरला मूठभर
आणि गुंडाळला नळीच्या मानेला.
थांबले. पन्नासपर्यंत मोजले.
बोट लावलं.

एक.
दोन.
तीनला वाटलं, येणार मागे.
आलं नाही.
टिकटिक टिकटिक टिकटिक,
शिलाईचा नव्हे, पण ओळखीचाच आवाज,
बारीक टाक्यांचा.

वेइक्को दार न वाजवता आत आला.
वाकून बघितलं. चष्मा वर केला.
उलटं फिरतंय, म्हणाला.
माहितीये, म्हटलं.
आराच्या दांडीचा काटकोन
मी चाकाच्या चुकीच्या बाजूला बसवला होता.
मी. चाळीस वर्षं बायकांना सांगणारी.
सुधारणार नाहीस?
चालू असलेल्याला हात लावायचा नसतो, म्हटलं.

तो उभाच राहिला, बघत.
टेबलावरून थेंब थेंब पाणी
त्याच्या बुटावर पडत होतं.
मग विचारलं, माझा मोजा झाला का?

ओला आहे, मी म्हटलं.
बस जरा.